वायरिंग जुनं निघालं, आता भाव किती कमी मागायचा?

रीसेल फ्लॅट घेताना हा टप्पा अनेकांच्या वाट्याला येतो. भाव ठरलेला असतो, टोकन दिलेलं असतं, साठेखताची तारीख काढायची असते. तेवढ्यात ओळखीचा वायरमन घर बघायला येतो, एक स्विचबोर्ड उघडतो, आतली वायर बोटाने जरा वाकवतो. वरचं आवरण कुरकुरीत होऊन तुटतं. "हे सगळं बदलावं लागेल," तो म्हणतो आणि निघून जातो.

इथून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "सरळ पाच लाख कमी मागा, देतील." दुसरा म्हणतो, "शब्द दिलाय, आता कसं बोलायचं?" दोघांकडेही आपला आकडा किंवा आपला संकोच बरोबर का, याचं कारण नसतं. वाटाघाटी या विषयावर अर्थशास्त्रात आणि मानसशास्त्रात गेली सत्तरेक वर्षं काम झालंय, आणि ते या प्रसंगाला चांगलं लागू पडतं. त्यातून निघणारी मुख्य गोष्ट आधीच सांगते: किती सूट मिळणं रास्त आहे, हे वायरिंगच्या खर्चाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, एका दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. तुम्ही व्यवहार सोडलात तर पुढच्या गिऱ्हाइकाला मालक काय सांगणार?

तिथे पोचण्याआधी वायरिंगबद्दल थोडं भौतिकशास्त्र बघू, कारण दोष नेमका काय आहे हे कळल्याशिवाय भावाची चर्चा हवेतच राहते.

"चाळीस वर्षं राहतोय, काही झालं नाही"

मालकांचं हे पहिलं उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा ते प्रामाणिक असतं. पण त्या चाळीस वर्षांत त्या वायरींमधून किती करंट गेला, हे बघायला हवं.

समजा एका बोर्डच्या मागे एक जोड सैल झालाय आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झालाय. तिथे निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही, फ्रिज मिळून २ अँपिअर करंट जात असेल, तर त्या जोडावर २ वॅट उष्णता होते. ती भिंतीत विरून जाते, कुणाला पत्ता लागत नाही. आता त्याच लाइनवर २ किलोवॉटचा गिझर लावा. २३० व्होल्टला करंट होतो साधारण ८.७ अँपिअर, आणि त्याच जोडावरची उष्णता होते सुमारे ३८ वॅट. सर्किट जोडायला वापरतात ते साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे त्याहून गरम काहीतरी लाकडी बोर्डच्या मागे, बंद जागेत, रोज सकाळी अर्धा तास चालू.

यातली वाईट गोष्ट अशी की एमसीबी पडत नाही. त्याला फक्त एकूण करंट कळतो, आणि तो १६ अँपिअरच्या आतच आहे. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असलं तरी ते गळती ओळखतं, सैल जोड ओळखत नाही. आणि कितीतरी जुन्या घरांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूजच आहेत, त्यात कुणीतरी कधीतरी जाड तार घातलेली असते.

दुसरा भाग म्हणजे आवरणाचं वय. साध्या पीव्हीसी वायरीच्या आतली तार ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम झालेली चालते, असं धरून तिची रचना केलेली असते. पीव्हीसीला मऊ ठेवणारे पदार्थ उष्णतेने हळूहळू निघून जातात आणि ते कडक, ठिसूळ होतं. रासायनिक क्रिया तापमानाबरोबर किती झपाट्याने वाढतात याचं सूत्र स्वान्ते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलं. १९३० मध्ये मॉन्टसिंगर या अभियंत्याने ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनसाठी त्याचा व्यवहारी नियम दिला: तापमान ८ अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पीव्हीसीचा आकडा वेगळा असेल, पण स्वभाव तोच. त्यामुळे एकाच घरात हॉलची वायर ठीक आणि गिझरची वायर हात लावताच तुटणारी, असं सर्रास दिसतं.

तिसरं, जुन्या बऱ्याच इमारतींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर आहे. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर बसतो, तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली हा धातू वर्षानुवर्षं किंचित सरकत राहतो आणि घट्ट केलेला जोड आपोआप सैल होतो. वर सांगितलेला अर्धा ओहम बरेचदा इथूनच येतो.

म्हणजे मालकांचं म्हणणं खरं असलं तरी ते जुन्या लोडबद्दल खरं आहे. तुम्ही दोन एसी, गिझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह घेऊन राहायला जाणार असाल, तर तुम्ही त्याच वायरिंगला वेगळाच प्रश्न विचारताय.

आधी मोजा, मग बोला

वायरमनचं "सगळं बदलावं लागेल" हे मत आहे. वाटाघाटीला मोजमाप लागतं.

परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासणी करून लेखी रिपोर्ट घ्या. इन्सुलेशन मेगरने तपासतात: घरगुती वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी देऊन रोध मोजतात, आणि तो निदान १ मेगाओहम असावा अशी अपेक्षा असते. त्याआधी टीव्ही-फ्रिजसारखी सगळी उपकरणं काढून ठेवावी लागतात. मेगर सैल जोड दाखवत नाही, त्यामुळे लोड चालू ठेवून बोर्ड आणि जोड किती तापतात तेही बघायला सांगा. अर्थिंग सगळ्या पॉइंटपर्यंत आहे का, वायर तांब्याची की ॲल्युमिनियमची, कुठल्या लाइनची जाडी किती, मीटरपासून फ्लॅटपर्यंतची केबल कशी आहे, हेही रिपोर्टमध्ये यायला हवं. शेवटची बाब बऱ्याचदा विसरली जाते. मंजूर भार जुनाच असेल तर तो वाढवून घेण्यासाठी वीज कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

मग एस्टिमेट. इथे एका प्रश्नाने आकडा अर्ध्यावर येऊ शकतो: भिंतीतले पाइप शाबूत आहेत का? असतील तर जुनी वायर ओढून काढून त्याच पाइपातून नवी घालता येते. नसतील तर झिरी मारा, पाइप टाका, प्लास्टर करा, घर रंगवा. दोन्हींचं एस्टिमेट वेगळं लिहून घ्या. शिवाय एक मधला पर्याय असतो: नवा डीबी आणि फक्त गिझर, एसी, किचनच्या स्वतंत्र नव्या लाइन. तो तात्पुरता आहे, पण मालक त्याचा आकडा नक्की पुढे करतील, तेव्हा तो तुम्हाला आधीच माहीत असलेला बरा.

तांदळातले खडे

आता अर्थशास्त्राकडे. जॉर्ज अकरलॉफ यांचा 'लेमन्स'चा शोधनिबंध १९७० चा. लेमन म्हणजे अमेरिकन बोलीत फसवी, बिघडकी गाडी. जुन्या गाडीची खरी अवस्था विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरासरी धरून कमी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाड्यांचे मालक विकायला तयार होत नाहीत, बाजारात वाईट गाड्या उरतात, सरासरी आणखी घसरते. निबंध छापून येण्याआधी तीन नामांकित जर्नल्सनी तो नाकारला होता, आणि २००१ मध्ये याच कामासाठी अकरलॉफना नोबेल मिळालं. (पीएचडी करणाऱ्यांनी ही माहिती भिंतीवर लावून ठेवावी.)

कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे या निबंधाला भारताचा वास आहे. १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. गाड्यांच्या जोडीला निबंधात आपल्याकडच्या सावकारीचं उदाहरण आहे, आणि बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे वेचत बसणाऱ्या गृहिणींचंही.

भिंतीतलं वायरिंग हा तसाच खडा आहे. फरशी, रंग, गळकी बाथरूम डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांचा हिशोब ठरलेल्या भावात आलेला असतो. वायरिंग दिसत नाही. म्हणून "चाळीस वर्षं जुनं घर आहे, हे भावात धरलेलंच होतं" हा मालकांचा मुद्दा अर्धा बरोबर असतो. जे वरून दिसत होतं ते धरलेलं होतं: जुने काळे स्विच, किटकॅट फ्यूज. आवरण तुटतंय, अर्थिंग नाही, हे धरलेलं नव्हतं. तुमची मागणी या दुसऱ्या भागापुरती ठेवलीत तर ती टिकते.

गणित

जॉन नॅश यांनी १९५० मध्ये वाटाघाटीचा प्रश्न गणितात मांडला. त्याचं साधं रूप असं: दोघांकडेही व्यवहार मोडला तर काय, याचं एक उत्तर असतं. त्या दोन उत्तरांच्या मधली जी जागा उरते, तिची वाटणी म्हणजे वाटाघाट. दोघांची ताकद सारखी असेल तर भाव मधोमध येतो.

आपल्या फ्लॅटला लावू. आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेत. वायरिंग चांगलं असतं तर तुम्ही जास्तीत जास्त ६२ लाख दिले असते. मालकांकडे दुसरं गिऱ्हाईक ५८ लाखांचं आहे. मधोमध, म्हणजे ६० लाखांना ठरलं. आता वायरिंगचा सगळा खर्च, रंगासकट, २ लाख ६० हजार निघाला.

तुमची कमाल मर्यादा ६२ वरून ५९.४ वर आली. पुढचं सगळं मालकांच्या बाजूला काय होतं यावर आहे.

पहिली शक्यता: ५८ लाखांच्या गिऱ्हाइकाला वायरिंगचं काही माहीत नाही आणि मालक सांगणारही नाहीत. मालकांची मर्यादा ५८ वरच राहिली. ५८ आणि ५९.४ यांचा मध्य ५८.७. म्हणजे सूट १ लाख ३० हजार, खर्चाच्या बरोबर निम्मी.

दुसरी शक्यता: दोष आता लपून राहणार नाही. दुसरं गिऱ्हाईकही तेवढीच रक्कम वजा करणार. मालकांची मर्यादा ५५.४ झाली. ५५.४ आणि ५९.४ यांचा मध्य ५७.४. सूट पूर्ण २ लाख ६० हजार.

तिसरी शक्यता: दुसरं गिऱ्हाईक तसंही पूर्ण घर फोडून नव्याने करणार आहे. वायरिंग बदलणं त्याच्या बजेटमध्ये आधीपासून आहे. त्याला सांगितलं काय, न सांगितलं काय, तो ५८ च देणार. मग पुन्हा सूट निम्मी.

दोष तोच, खर्च तोच, तरी रास्त सूट एकदा निम्मी आणि एकदा पूर्ण. "खर्च एवढा आहे, एवढे कमी करा" हे वाक्य म्हणूनच कधी लगेच चालतं आणि कधी अजिबात चालत नाही. एजंटला "दुसरं कोण बघून गेलं?" विचारण्याऐवजी "बघून गेलेले राहायला घेतायत की रिनोव्हेट करून?" असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर तुमच्या एस्टिमेटइतकंच मोलाचं आहे.

हाच नियम तुमच्या बाजूलाही लागतो. तुम्ही स्वतः सगळं फोडून करणारच होतात, तर तुमचे ६२ लाख वायरिंग धरूनच ठरले होते, आणि शोध लागल्याने तुमचं काही कमी झालेलं नाही. हे मालकांना कळणार नाही, त्यामुळे सूट मागण्याचा मोह होईल. रॉजर मायरसन आणि मार्क सॅटर्थवेट यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलं की दोन्हीकडे अशी खासगी माहिती असेल, तर असा कुठलाच नियम बनवता येत नाही ज्यामुळे दोघांच्या फायद्याचा प्रत्येक व्यवहार हमखास पार पडेल. साध्या भाषेत, जास्त ताणलं की चांगले सौदेही काही वेळा तुटतात, आणि त्यात कुणाचा मूर्खपणा असायलाच हवा असं नाही.

कायदा इथे गणित बदलतो

पहिली शक्यता आणि दुसरी शक्यता यांत फरक एकच: मालक पुढच्याला सांगणार का. यावर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ मध्ये तरतूद आहे. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं ही फसवणूक, असंही त्याच कलमात म्हटलंय. अर्थात करारात वेगळं काही ठरलेलं असेल तर ते लागू होतं. म्हणून साठेखताच्या मसुद्यात "आहे त्या स्थितीत" अशी ओळ आहे का, ते वकिलाला दाखवा.

दिसणारा दोष आणि लपलेला दोष ही फोड १८८२ च्या कायद्यात आहे, आणि १९७० च्या निबंधातही तीच आहे. एखादं वायरिंग 'महत्त्वाचा दोष' ठरतं का, हे वस्तुस्थितीवर अवलंबून राहील. पण वाटाघाटीपुरती गोष्ट स्पष्ट आहे. कालपर्यंत मालक म्हणू शकत होते, "आम्हाला काही माहीत नव्हतं." तुम्ही रिपोर्टची प्रत त्यांच्या हातात दिलीत की तसं म्हणता येत नाही.

रिपोर्टची ताकद इथे आहे. मात्र तो धमकीसारखा वापरू नका. "काका, हा रिपोर्ट तुमच्याकडे ठेवा, तुम्हालाही उपयोगी पडेल" एवढं पुरतं. सौदा मोडला तरी त्या घरात पुढे जे कुटुंब राहायला येईल, त्यांच्यासाठीही ते चांगलंच आहे.

आकडा कसा मांडायचा

पहिला बोललेला आकडा पुढची सगळी चर्चा आपल्याकडे ओढतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या इस्टेट एजंटना एकच घर दाखवलं, फक्त कागदावरची सांगितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी दिली. एजंटांचे अंदाजही त्या आकड्याकडे झुकले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपण तो आकडा विचारात घेतलाच नाही असं सांगितलं. तेव्हा सुटीचा पहिला आकडा तुमच्याकडून यावा, आणि तो एस्टिमेटमधून यावा.

गोल आकडा की नेमका? मालिया मेसन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगांत नेमक्या आकड्याचा प्रभाव जास्त दिसला, कारण समोरच्याला वाटतं यांनी हिशोब केलाय. पण २०१६ मध्ये डेव्हिड लॉशेल्डर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समोर जाणकार असेल तर अति नेमकेपणा उलटतो. 'दोन लाख त्रेसष्ट हजार चारशे सत्तर' म्हटलं की एजंट हसतो. 'दोन लाख साठ हजार, हे एस्टिमेट' हे दोन्हीकडे चालतं.

आणि कारण सांगा. कानमन, क्नेच आणि थेलर यांनी १९८६ मध्ये लोकांना विचारलं: बर्फाचं वादळ झालं म्हणून दुकानदाराने १५ डॉलरचं फावडं २० ला विकलं, तर ते योग्य का? ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून भाव वाढवला तर बहुतेकांना ते मान्य होतं. खर्च पुढे सरकवणं चालतं, अडचणीचा फायदा घेणं चालत नाही. घराच्या बाबतीतही तेच. "खर्च निघालाय, तो वाटून घेऊ" हे मालक ऐकून घेतात. "आता मिळालाय मुद्दा, पाच मागा" हे त्यांना तुमच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि ज्यांनी त्या घरात मुलं वाढवली ते एक लाखाचं नुकसान सोसूनही तुम्हाला नाही म्हणू शकतात.

"शब्द दिलाय" या संकोचाचंही उत्तर इथेच आहे. शब्द ज्या माहितीवर दिला होता, ती माहिती बदलली. माहिती बदलली त्याच प्रमाणात आकडा बदला, त्यापलीकडे जाऊ नका. टोकन देतानाच पावतीत "वायरिंग आणि प्लंबिंगच्या तपासणीच्या अधीन" अशी ओळ घातली असेल, तर हा संकोच उरतच नाही.

सूट मिळाली, पण रोख कुठे आहे?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जिंकलेली वाटाघाट वाया जाते.

समजा पूर्ण २ लाख ६० हजारांची सूट मिळाली. भाव ६० वरून ५७.४ लाख झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. तुम्ही तेवढं पूर्ण घेणार असाल, तर कर्ज ४८ लाखांवरून ४५.९२ लाखांवर येतं. तुमच्या खिशातला वाटा १२ लाखांवरून ११.४८ लाखांवर. म्हणजे हातात वाचले ५२ हजार. वायरिंगला लागणार २ लाख ६० हजार, तेही रोख आणि राहायला जाण्याआधी. उरलेली सूट वीस वर्षांच्या हप्त्यांत थोडी थोडी मिळत राहील.

मुद्रांक शुल्कातही अपेक्षा ठेवून बसू नका. महाराष्ट्रात ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. भाव रेकनरच्या खाली गेला तर शुल्क कमी होत नाही.

मग होतं काय? सगळी बचत डाउन पेमेंटला, नोंदणीला आणि दलालीला संपते. "दिवाळीनंतर करू वायरिंग" असं ठरतं. तोवर गिझर लागतो, एसी लागतो, भिंतीला नवा रंग लागतो, आणि मग झिरी मारायला कुणाचा हात धजत नाही. सूट घेतलेली असते आणि ३८ वॅटचा जोड तिथेच असतो.

म्हणून भाव कमी करण्याऐवजी दुसरा मार्गही मांडून बघा: भाव ६० च राहू दे, वायरिंग मालकांनी खरेदीखताआधी करून द्यावं. कागदावर तुमचं कर्ज जास्त होतं, पण रोख तुमची जात नाही. यात एक अडचण आहे. ज्याला त्या घरात राहायचं नाही, तो सगळ्यात स्वस्त वायर आणि सगळ्यात स्वस्त वायरमन आणणार. बेंग्ट होल्मस्ट्रोम यांच्या १९७९ च्या निबंधाचा विषय हाच: दुसऱ्याची मेहनत थेट दिसत नसेल, तर तिच्याविषयी जे काही तपासता येतं त्याला मोबदला जोडा. आपल्याकडे त्याचा अर्थ असा: ठेकेदार तुम्ही निवडायचा, वायरीचा प्रकार आणि जाडी साठेखतात लिहायची, भिंती बुजवण्याआधी बघायला जायचं, आणि शेवटचा हप्ता नव्या टेस्ट रिपोर्टनंतर. तो कधी सोडायचा ते बँकेशी आधी बोलून घ्या.

बरेचदा मधला तोडगा बसतो: थोडी सूट, थोडं काम. जे काही ठरेल ते साठेखतात यावं, तोंडी नको.

हातात पैसे मोजकेच असतील तर क्रम तरी असा ठेवा. आधी नवा डीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग. मग गिझर, एसी आणि किचनच्या स्वतंत्र तांब्याच्या लाइन. मग उरलेलं. रंग सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं सामान हलवण्याआधी, घर रिकामं असताना. नवं सर्किट तयार होईपर्यंत गिझर जोडू नका, बादलीभर पाणी गॅसवर तापवा. मिळालेल्या सुटीतला पहिला रुपया त्या भिंतीत गेला, तरच ती सूट वायरिंगसाठी मिळाली असं म्हणता येईल.